दोन खोल्यांमधले मौन

वाचक लिहितात:

"माझे वय 59 आहे, यजमानांचे 64. संसाराला 34 वर्षे झाली आणि तो चांगला झाला, तक्रार करावी असे काही नाही. पाळी जाऊन आठ वर्षे झाली. त्यानंतर संबंधाच्या वेळी मला दुखू लागले, दुसऱ्या दिवशीही जळजळ होत राहायची. मी ते त्यांना कधी सांगितले नाही. कधी डोके दुखते म्हणाले, कधी झोप आली म्हणाले. हळूहळू त्यांनी जवळ येणेच सोडले. दोन वर्षांपूर्वी 'माझ्या घोरण्याने तुझी झोपमोड होते' असे म्हणून ते आपली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला गेले. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, दोन्हींची औषधे चालू आहेत. आमच्यात भांडण नाही. दिवसभर आम्ही सगळ्या विषयांवर बोलतो, हा एक सोडून. मला अजूनही त्यांच्या जवळ असावेसे वाटते, पण या वयात असे वाटणे बरे दिसते का? मुले मोठी झाली आहेत, त्यांना कळले तर काय म्हणतील? आणि बोलायचे ठरवले तरी विषय काढायचा कसा?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. पतीच्या जवळ असावेसे वाटणे 'बरे दिसते का', असे तुम्ही विचारले आहे. दिसण्याचा प्रश्न कोणीतरी पाहत असेल तेव्हाच येतो. इथे तर दाराला आतून कडी आहे आणि आत दोनच माणसे आहेत, तीही 34 वर्षे एकमेकांना ओळखणारी. तरीही कोणीतरी पाहत आहे असे तुम्हाला वाटते, कारण ते डोळे फार लहानपणी आपल्या मनात येऊन बसलेले असतात आणि मोठेपणीही ते उठून जात नाहीत. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका, पण तुमच्या संसारातला निर्णय त्या डोळ्यांवर सोपवूही नका. मुलांविषयीची तुमची काळजी यातच मिटते. त्यांना हे कळण्याचे कारण नाही, आणि कधी उमगलेच तरी आपले आईवडील एकमेकांना अजून हवेसे वाटतात यात त्यांचे काही बिघडत नाही.

असे वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात 2007 साली अमेरिकेतील एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी 57 ते 85 वर्षे वयाच्या 3,005 स्त्रीपुरुषांच्या त्यांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. 57 ते 64 या वयोगटातील 73 टक्के, 65 ते 74 मधील 53 टक्के आणि 75 ते 85 मधील 26 टक्के लोकांनी मागील वर्षभरात जोडीदाराशी शरीरसंबंध आल्याचे सांगितले. वयाबरोबर प्रमाण घटते हे खरे, पण साठीला हा विषय संपतो हे खरे नाही. ज्यांचे संबंध चालू होते त्यांच्यापैकीही सुमारे निम्म्यांनी सतावणारी एक ना एक अडचण सांगितली होती. म्हणजे या वयात जवळीक आणि अडचण शेजारी शेजारी नांदतात. ज्यांचे संबंध थांबले आहेत आणि दोघांनाही त्यात समाधान आहे, त्यांच्यात काही उणे आहे असे मी मुळीच मानत नाही. तुमचे पत्र मात्र समाधानाचे नाही. त्यात उणीव जाणवते, आणि ती तुम्ही स्पष्ट शब्दांत लिहिली आहे. जे तुम्ही एका अनोळखी व्यक्तीला लिहू शकलात ते यजमानांना सांगणे अवघड असले, तरी तुमच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुमच्या पत्रात दोन सबबी आहेत, एक तुमची आणि एक त्यांची. तुमची डोकेदुखी खरी नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांचे घोरणे खरे असेलही, पण तुमची झोपमोड होते म्हणून ते उठून गेले, एवढेच कारण होते का, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. तुम्ही खरे कारण सांगितले नाही, म्हणून त्यांनी आपल्या मनाने एक कारण लावून घेतले असणार, आणि माणूस अशा वेळी जे कारण लावतो ते बहुधा स्वतःलाच बोचणारे असते: 'मी हिला नकोसा झालो.' त्यांनी खरे कारण सांगितले नाही, म्हणून तुम्हीही तेच लावले: 'मी आता त्यांना आवडत नाही.' दोघेही एकमेकांना सांभाळून घेण्यासाठी गप्प राहिलात आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ दोघांनीही नकार असा घेतला. मी अनेक वर्षे जोडप्यांशी बोलते आहे आणि प्रौढ वयातल्या दुराव्यामागे मला बहुतेक वेळा अशी न बोललेली, सद्‌हेतूने लपवलेली गोष्टच सापडली आहे. प्रेम आटले असे फार क्वचित आढळले.

म्हणून सुरुवात तुमच्या दुखण्यापासून करावी असे मला वाटते. ते आधी तुम्ही स्वतः नीट समजून घ्या, म्हणजे ते सांगताना आवाजात अपराधीपणा येणार नाही. पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप कमी होते. त्यामुळे योनीमार्गाचे अस्तर पातळ होते, त्याची लवचीकता आणि ओलावा घटतो, आणि संबंधाच्या वेळी घर्षणाने दुखते, नंतर जळजळ होते. काही जणींना लघवीची वारंवार घाई होते किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, आणि त्याचे मूळही इथेच असते. अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास काही वर्षांनी बहुधा आपोआप ओसरतो, हा त्रास मात्र उपचार केले नाहीत तर तसाच राहतो किंवा वाढतो. त्याचे पूर्वीचे वैद्यकीय नाव ऐकले की अवयव सुकून गेल्यासारखे वाटे आणि स्त्रिया ते उच्चारायलाही संकोचत. 2014 साली तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी ते बदलून 'रजोनिवृत्तीमुळे जननांग आणि मूत्रमार्गात होणारी लक्षणे' अशा अर्थाचे नाव स्वीकारले. दुखण्याचे नाव तोंडाने उच्चारता येणे हा उपचाराचा पहिला भाग असतो, असे मी मानते.

दुखण्याचा आणखी एक परिणाम होतो, जो फारसे कोणी सांगत नाही. दोनचार वेळा दुखले की शरीर पुढच्या वेळी आधीच सावध होते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपल्या नकळत आवळले जातात आणि त्या आवळण्याने दुखणे वाढते. मग पतीने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मनात पुढचे सगळे उभे राहते आणि आपण बाजूला सरकतो. तुम्ही संबंध टाळत होता, पण हळूहळू खांद्यावरचा हातही टाळला गेला असेल, हे एकदा आठवून पाहा. या दुखण्यावर उपाय आहेत आणि ते सोपे आहेत. संबंधाच्या वेळी लावायचे पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण मिळते. दर दोनतीन दिवसांनी नियमित वापरायचे योनीसाठीचे मॉइश्चरायझर मिळते. एवढ्याने भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ अत्यल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी लिहून देतात. तिचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण मग निर्णय वेगळा होऊ शकतो. आणि पाळी गेल्यानंतर कधीही, अगदी थोडासाही, रक्तस्राव झाला तर तो कोरडेपणामुळे असेल असे स्वतः ठरवू नये, लगेच तपासून घ्यावे.

यजमानांच्या बाजूने मी केवळ अंदाज करू शकते, पण मधुमेह, रक्तदाब आणि 64 वर्षांचे वय हे तीन शब्द वाचल्यावर तो अंदाज न सांगणे योग्य होणार नाही. या वयात पुरुषाच्या लिंगाला ताठरता येण्यास वेळ लागतो, नुसत्या विचाराने ती येत नाही, प्रत्यक्ष स्पर्श लागतो, आणि एकदा वीर्यपतन झाल्यावर पुन्हा तयार होण्यास कधी कधी पूर्ण दिवस किंवा अधिक काळ जावा लागतो. हे वयाचे नेहमीचे बदल आहेत. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडू शकतात, आणि रक्तदाबावरच्या काही औषधांनीही ताठरता कमी होते. पुष्कळ पुरुष याला आपल्या पुरुषपणाची हार समजतात आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून जवळ जाणेच बंद करतात. तुमचे यजमान उशी घेऊन गेले तेव्हा त्यांच्या मनात असे काही असेल, तर तुमच्या डोकेदुखीने त्यांना एका अर्थी सुटल्यासारखेही वाटले असेल. तसे काही नसेल तर त्यांच्या तोंडून कळेल. मात्र असे असेल तर ते डॉक्टरांना सांगणे केवळ शय्यासुखासाठी नव्हे, तर हृदयासाठीही गरजेचे आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कित्येकदा आधी तिथे जाणवतो आणि छातीतले दुखणे काही वर्षांनी येते. ही सूचना लाजेपोटी वाया जाऊ नये.

आता तुमचा खरा प्रश्न: बोलायचे कसे. यात पहिली अडचण शब्दांची आहे. आपल्या भाषेत या विषयाचे शब्द भरपूर आहेत, पण त्यांतले अर्धे शिव्यांमध्ये गेले आहेत आणि उरलेले वैद्यकाच्या पुस्तकात. घरात, दोन माणसांनी, सहज आवाजात उच्चारावे असे मधले शब्द फारसे कोणी घडवलेच नाहीत. 'ते', 'तसले', 'आपले ते' यांवर निम्मे आयुष्य निघते. तरुणपणी शब्दांवाचून भागते, कारण शरीर न सांगता समजून घेते. साठीच्या आसपास दोन्ही शरीरे बदललेली असतात आणि जुनी सवय नव्या शरीराला लागू पडत नाही, म्हणून सांगावे लागते. तुम्ही फार शोधाशोध करू नका. 'जवळ येणे', 'दुखते', 'कोरडे पडते', 'हात लावला की बरे वाटते' एवढे शब्द सुरुवातीला पुरेत. हे रोजच्या बोलण्यातले आहेत आणि त्यांत कुठेही ओशाळे होण्यासारखे काही नाही. डॉक्टरांसमोर मात्र योनी, लिंग, ताठरता हे शब्द स्पष्ट वापरा, कारण तिथे 'खाली' या एका शब्दातून नेमके काय दुखते ते कळत नाही.

दुसरी अडचण वेळेची. रात्री, अंथरुणात, दिवा मालवल्यावर हा विषय काढू नका. तिथे प्रत्येक वाक्य मागणीसारखे ऐकू येते आणि ऐकणाऱ्याला वाटते की उत्तर आता, याच क्षणी, शरीराने द्यायचे आहे. समोरासमोर बसून, 'मला तुमच्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे' अशी प्रस्तावनाही करू नका, कारण तेवढ्याने माणूस धास्तावतो. दोघांचे हात कशात तरी गुंतलेले असताना, शेजारी शेजारी असताना बोलणे सोपे जाते. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना, सकाळी एकत्र चालताना, गाडीत दोघेच असताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत, आणि हा विषय पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी ती फार मोठी सवलत आहे.

वाक्ये तुमची असावीत, तरी सुरुवात सुचावी म्हणून मी तुमच्या तोंडी घालून पाहते. "अहो, एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्ही लगेच काही बोलायलाच हवं असं नाही, नुसतं ऐका. पाळी गेल्यापासून आपण जवळ आलो की मला दुखायचं. मला ते सांगता आलं नाही, म्हणून मी डोकं दुखतं म्हणत राहिले. तुम्ही नकोसे झालात म्हणून मी लांब झाले नव्हते. मी आता डॉक्टरांना दाखवणार आहे. मला तुमची आठवण येते, तुम्ही पलीकडच्या खोलीत असलात तरी." एवढे बोलून थांबा. यात आरोप नाही, प्रश्न नाही आणि लगेच काही करण्याचा आग्रह नाही. 'तुम्ही मला हातसुद्धा लावत नाही', 'आपल्यात आता उरलंच काय आहे', 'शेवटचं कधी झालं ते तरी आठवतं का' ही वाक्ये खरी असली तरी पहिल्या दिवशी नकोत. त्यांना उत्तर म्हणून समोरचा माणूस स्वतःचा बचाव करू लागतो, आणि बचाव सुरू झाला की ऐकणे थांबते.

मला एक जोडपे आठवते, तुमच्याच वयाचे. गृहस्थ माझ्यासमोर बसल्यापासून चष्म्याची डबी उघडत होते आणि मिटत होते, तिचा टक टक आवाज सतत येत होता. बाई सांगत होत्या, घरातले, आजारपणातले, पैशांचे, सगळे. डबीचा आवाज चालूच होता. मग त्या खाली बघत हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, मी आता यांना आवडेनाशी झाले." डबी थांबली. बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग ते त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "मला वाटलं, तू सुटलीस." त्या दिवशी त्यांच्यात याहून अधिक काही बोलणे झाले नाही. पण सहा वर्षांच्या मौनाचे दोन्ही अर्थ त्या दोन वाक्यांत बाहेर आले होते आणि पुढचे बोलणे त्यांना घरी जाऊन करता आले, त्यासाठी माझी गरज उरली नाही.

तुमचे यजमान काय उत्तर देतील हे आधी ठरवू नका. ते गप्प राहिले तर तो नकार समजू नका. पुरुषांना या विषयाचे शब्द आपल्यापेक्षाही कमी शिकवलेले असतात आणि तुम्हाला आठ वर्षे लागली, तर त्यांना आठ दिवस द्यायला हवेत. ते "आता या वयात काय" असे म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नका आणि वादही घालू नका. हे वाक्य पुष्कळदा भीतीच्या जागी उभे असते. "आपल्याला पूर्वीसारखं सगळं जमायलाच हवं असं मी कुठे म्हणते? तुम्ही शेजारी असावं एवढंच म्हणते," असे सांगून पाहा. कदाचित ते स्वतःची अडचण सांगतील, तेव्हा "त्यात काय एवढं" असे म्हणून ती हलकी करू नका, कारण त्यांच्यासाठी ती हलकी नाही. "बरं झालं सांगितलंत" एवढे पुरे. आणि त्यांना खरोखरच शरीरसंबंध नको असतील, तर ते ऐकण्याची तयारीही तुम्ही ठेवावी. तुमची इच्छा जितकी रास्त आहे तितकाच त्यांचा नकार रास्त आहे. पण नकार संबंधाला असू शकतो आणि मिठीला नसू शकतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

हे मी मुद्दाम वेगळे करून सांगते, कारण प्रौढ वयात पुष्कळ जोडपी जवळीक म्हणजे केवळ संभोग असे धरून चालतात, आणि तो अवघड झाला की बाकीचे सगळे त्याच्याबरोबर बंद करून टाकतात. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकेतील दोन संशोधकांनी 1970 च्या सुमारास उपचाराची एक पद्धत मांडली आणि ती आजही वापरली जाते. तिचे मर्म असे, की काही आठवडे संभोग करायचा नाही असे दोघांनी उघडपणे ठरवायचे आणि त्या काळात फक्त एकमेकांना स्पर्श करायचा, आधी पाठ, हात, पाय, केस, नंतर हळूहळू पुढे, आणि काय बरे वाटते ते सांगायचे. संभोग होणारच नाही हे ठरलेले असल्याने दुखण्याची भीती उरत नाही आणि ताठरता येईल की नाही ही परीक्षाही उरत नाही. तुम्हा दोघांच्या अडचणी मी समजते तशा असतील, तर हा मार्ग दोघांनाही मोकळे करणारा आहे. खांद्यावर हात पडला की पुढचे काही ओढवेल, ही धास्ती शरीराला विसरू द्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

इच्छेबद्दलही एक गैरसमज आहे. आधी मनात इच्छा उत्पन्न व्हावी आणि मग जवळ जावे, असा क्रम आपण गृहीत धरतो, आणि इच्छा आपणहून येईनाशी झाली की ती संपली असे मानतो. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी 2000 साली दाखवून दिले, की दीर्घ सहवासातल्या पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत क्रम उलटा असतो: आधी जवळ बसणे, स्पर्श, मोकळेपणा, आणि त्यातून इच्छा जागी होणे. याचा अर्थ मन नसताना स्वतःवर जबरदस्ती करावी असा मुळीच नाही. नको असेल तर नको, आणि मध्येच नकोसे झाले तर मध्येच थांबायचे, हे 34 वर्षांच्या संसारातही तितकेच लागू आहे. अर्थ एवढाच, की इच्छा येण्याची वाट पाहत वेगवेगळ्या खोल्यांत बसून राहिले तर तिला यायला वाटच राहत नाही.

डॉक्टरांकडे आधी तुम्ही जा. मी वर सांगितलेल्या पाहणीत पन्नाशीनंतर कधीतरी डॉक्टरांशी या विषयावर बोललेल्या स्त्रिया केवळ 22 टक्के होत्या आणि पुरुष 38 टक्के. डॉक्टर विचारत नाहीत, कारण रुग्णाला आवडेल की नाही याची त्यांना शंका असते, आणि रुग्ण बोलत नाही, कारण डॉक्टरांनी विचारलेले नसते. तेव्हा खोलीत शिरल्यावर इकडचे तिकडचे सांगत वेळ घालवू नका. शेवटी उठताना दाराशी सांगायची गोष्ट पहिलीच सांगा: "पाळी गेल्यापासून संबंधाच्या वेळी योनीत दुखते आणि नंतर जळजळ होते, मला यावर उपचार हवा आहे." धीर होणार नाही असे वाटले तर कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा, त्यात कमीपणा नाही. "वयोमानाने असंच चालायचं" असे उत्तर मिळाले तर ते अंतिम मानू नका, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

यजमान तयार झाले तर त्यांनी मधुमेहासाठी ज्यांच्याकडे जातात त्यांनाच हे सांगावे. चालू औषधांपैकी एखादे बदलता येते का ते डॉक्टर पाहतील, पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. ताठरतेसाठीच्या गोळ्या 1998 पासून उपलब्ध आहेत आणि पुष्कळांना त्यांचा उपयोग होतो, मात्र त्या कोणा मित्राच्या सांगण्यावरून परस्पर घेऊ नयेत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट गटातले औषध घेणाऱ्याने त्या घेतल्या तर रक्तदाब एकाएकी इतका घसरू शकतो की जिवावर बेतते. हृदयावर ताण येईल का, ही धास्ती असेल तर तीही विचारावी. जो माणूस न धापता, छातीत न दुखता दोन जिने चढतो, त्याच्या हृदयाला संबंधाचा ताण सहसा झेपतो, असा ढोबळ निकष डॉक्टर वापरतात.

आणि ते घोरणे. ती सबब होती की नाही हे बाजूला ठेवून त्याची तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडल्यासारखा होणे आणि दिवसा झोप येणे ही झोपेतल्या श्वासरोधाची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची, लक्षणे असू शकतात. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांत तो पुष्कळदा आढळतो, त्याने रक्तदाब आटोक्यात येत नाही आणि ताठरतेवरही परिणाम होतो. "तुमच्या घोरण्याची मला काळजी वाटते, एकदा दाखवून येऊ" हे वाक्य तुम्ही आज संध्याकाळीसुद्धा बोलू शकता. अवघड बोलण्याआधीचे सोपे बोलणे म्हणून ते उपयोगी पडेल.

उशी परत आणण्याची घाई करू नका. झोपण्याच्या खोल्या वेगळ्या असूनही जवळ असलेली जोडपी मी पाहिली आहेत. रात्री झोपण्यापूर्वी तुम्ही त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्या शेजारी दहा मिनिटे बसू शकता, पाठीवर हात ठेवू शकता, आणि उठून आपल्या खोलीत येऊ शकता. असे चारसहा दिवस केलेत, तर कपड्यांच्या घड्या घालताना ते पहिले वाक्य बोलणे तुम्हाला आज वाटते तितके अवघड जाणार नाही. बोलून झाले की मला पुन्हा लिहा. त्यांनी काय उत्तर दिले ते कळवा, आणि काहीच उत्तर दिले नाही तरीही कळवा, म्हणजे पुढचे आपण तिथून पाहू.